नळ चावतो

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे: लिंग पुरुष. वय पन्नाशीच्या पुढे व साठीच्या अलीकडे. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्ण उन्हाळ्यात सावळा व इतर वेळी तसाच. चष्मा आहे, तो बहुतांशी कपाळावर असतो. व्यवसाय: घरगुती विहिरी, बोअर व त्यांवरील पंप यांची वीजजोडणी, विशेषेकरून अर्थिंग. सेवाकाळात विजेचा धक्का बसल्याच्या घटना: निरंक. ओळखीची ठळक खूण: पायांत जाड रबरी तळाचे काळे बूट, जे सदर इसम निद्रा व स्नान या दोन प्रसंगी वगळता उतरवीत नाही. स्वतःच्या निवासस्थानातील विद्युतव्यवस्था: निर्दोष.

हे वर्णन कुठल्याही कचेरीत लिहिलेलं नाही. त्याला कुणी सहज विचारलं, ‘काय, कसं काय?’ तरी तो थोड्याफार फरकाने हेच आणि याच क्रमाने सांगायचा. शेवटच्या कलमाला आवाज जरा खाली आणायचा, नम्रता दिसावी म्हणून.

आसपासची सगळी मंडळी त्याला अर्थिंगमास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध सातवीतच संपला होता. पण कुणाच्याही घरी पंप जोडायला गेला की आधी व्याख्यान आणि मग काम, हा त्याचा शिरस्ता होता. व्याख्यान नको असेल तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा. दुसरा इलेक्ट्रिशियन होता, पण तो फोन उचलत नसे, त्यामुळे मास्तरांचं वर्ग भरवणं निर्वेध चालू होतं.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने नवं घर बांधलं, मागे बोअर मारलं, आणि मास्तरांना बोलावलं.

“मास्तर, फार घोळ नको,” बेकरीवाला म्हणाला. “बोअरपाशी एक सळई ठोका अर्थिंगची आणि मोकळे व्हा. शेजारच्यांनी तसंच केलंय.”

“शेजारी बरे आहेत?”

“बरे आहेत की.”

“म्हणजे पंप अजून बिघडला नसणार,” मास्तर म्हणाले, आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बेकरीवाल्याने ओळखलं की तास सुरू झाला.

“हे बघा, वीज म्हणजे सासरी आलेली सून. कामाला वाघ, पण सगळं चित्त माहेरी. जरा फट दिसली की निघाली. आता मला सांगा, तिचं माहेर कुठलं?”

“जमीन,” बेकरीवाला म्हणाला. सगळेच जमीन म्हणतात.

“इथेच तर सगळे फसतात! तिचं माहेर म्हणजे ती आली कुठून ते. मेन बोर्ड, तिथून खांब, खांबावरून पलीकडचा ट्रान्सफॉर्मर. तुम्ही बोअरपाशी नुसती सळई ठोकलीत, म्हणजे काय केलंत? बाईला आडरानात उतरवून सांगितलंत, जा, सापडलं तर माहेर. ती बिचारी चाचपडत बसणार. बोअरच्या लोखंडी नळकांड्यावर, म्हणजे केसिंगवर चढणार, पाइपातून फिरणार, नळावर येऊन बसणार. आणि कुणी ओल्या पायांनी नळाला हात लावला, की त्याच्या अंगावरून वाट काढणार.”

“अरे बाप रे. मग?”

“मग सगळ्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. पंपाची बॉडी, लोखंडी केसिंग, पाइप, सळई, सगळे एका तांब्याच्या तारेत. आणि ती जाड तार सरळ मेन बोर्डापर्यंत न्यायची. बोर्डात गळती पकडणारा स्विच. पंपात काही बिघडलं, की बाईसाहेब सरळ रस्त्याने माहेरी. स्विच खट्कन पडला, पंप बंद. तुम्हाला कळतसुद्धा नाही.”

“मग सळई कशाला ठोकायची?”

“आभाळातली वीज पडली तर. सळई म्हणजे धर्मशाळा. वाटसरूला ठीक आहे. माहेर ते माहेर.”

बेकरीवाल्याला निम्मं कळलं आणि पूर्ण पटलं. मास्तरांच्या व्याख्यानाची हीच खुबी होती. काम झाल्यावर त्याने गरम पावांची पिशवी पुढे केली. मास्तरांनी आधी उजव्या हाताची पालथी बाजू पिशवीला लावून पाहिली, आणि मगच ती घेतली.

ही पालथ्या हाताची सवय मास्तरांना धंद्याने लावली होती. तळहाताने वीज असलेली वस्तू धरली, तर बोटं आपोआप मिटतात आणि सुटता सुटत नाहीत. पालथा हात लागला तर झटका बसून तो मागे येतो. हे शहाणपण मास्तरांनी इतकं अंगी बाणवलं होतं की दाराची कडी, दुधाचं पातेलं, भाजीवाल्याची काकडी, सगळ्याची पहिली ओळख पालथ्या हाताने व्हायची. त्यांची बायको म्हणायची, “मला ताप आला तर हे आधी उलटा हात लावतात आणि मग टेस्टर शोधतात.”

घरात माणसं तीन. मास्तर, बायको आणि मास्तरांची थोरली बहीण. भावोजी गेल्यावर ताई इथे आली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. तिला मागची खोली दिली होती, तिचं दार परसात उघडायचं. परसात बोअर होतं. घरात सगळे त्याला विहीरच म्हणत. विहिरीतून वर येणारा लोखंडी पाइप टाकीकडे जायचा आणि वाटेतच त्याला एक पितळी नळ होता. घरातले बाकीचे नळ टाकीवरचे, प्लास्टिकच्या पाइपांचे. हा परसातला तेवढा एक जुन्या वळणाचा. त्या नळाभोवती ताईने मिरच्या, टोमॅटो, दोन जातींचं गवती काहीतरी आणि एक लिंबू असा संसार मांडला होता. रोज सकाळी टाकी भरायला पंप सुरू झाला, की ताई चपला दारात काढून अनवाणी परसात उतरायची आणि रोपांना पाणी घालायची. मातीत चपला घालून फिरणारी माणसं तिला आवडत नसत. अशा माणसांची यादी करायची तर तिच्या भावाचं नाव पहिलं आलं असतं.

ताईच्या नावडींची संख्या पाहता, हे फार गंभीरपणे कुणी घेत नसे. ती आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार शर्ट समोर यायचा, ताई तो उलटा करायची, शिवणीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “परत.” हेच तिचं काम, याचाच पगार. निवृत्त झाल्यावर कारखाना थांबला, ताई थांबली नाही. दूध पातळ आहे. दाराचा वरचा बिजागर बोलतोय. पंखा तीन नंबरवर डावीकडे लंगडतो. पावाला काल ओव्हनमध्ये घाई झाली होती. घरात एखादी तक्रार उमटली की मास्तरांची बायको म्हणायची, “हो वन्सं, बघते,” आणि मास्तर म्हणायचे, “हो ताई, बघतो,” आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचे.

त्यामुळे एक दिवस ताई म्हणाली, “अरे, तो परसातला नळ चावतो,” तेव्हा मास्तर म्हणाले, “हो ताई, बघतो.”

“चावतो म्हणजे काय, वन्सं?” बायकोने विचारलं. निदान तिने विचारलं तरी.

“चावतो म्हणजे चावतो. हात लावला की मुंग्या येतात. कोपरापर्यंत.”

“मुंग्या का? मग डॉक्टरांना दाखवू.”

मुंग्या म्हटलं की डॉक्टर, असा एकूण लौकिक आहे. डॉक्टरांनी ताईच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, बोटं मोजायला लावली आणि नसांच्या गोळ्या दिल्या. ताईने गोळ्या इमानाने घेतल्या. नळ चावायचा थांबला नाही.

“डॉक्टर म्हणतात नसा कमजोर झाल्यात,” मास्तर म्हणाले.

“माझ्या नसा फक्त त्या नळापाशीच कमजोर होतात का? स्वयंपाकघरातल्या नळाशी बऱ्या असतात? पाण्याने हातपाय धुते तेव्हा काही होत नाही, तो पितळी नळ धरला की होतं. अरे, तू विजेचं काम करतोस ना? बघ की जरा!”

आता हे मात्र मास्तरांना लागलं. बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाला त्याच्याच परसातलं पाणी शिकवायचं म्हणजे काय! दुपारी जेवण झाल्यावर ते पिशवी घेऊन परसात गेले. आधी पंपाचा स्विच बंद असल्याची खात्री करून घेतली, कारण पंप चालू असताना विहिरीजवळ काम करायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी आजवर कुणाच्याही घरी मोडला नव्हता. मग ते आपल्या जाड बुटांनी तापलेल्या कोरड्या मातीत उभे राहिले, नळाला पालथा हात लावला, टेस्टर लावला, मीटर लावलं. मीटरने शून्य दाखवलं. मीटरचा यात काही दोष नव्हता.

“ताई, इकडे ये. हे बघ. शून्य.”

“आत्ता नाही चावत. सकाळी चावतो.”

“नळाला सकाळ-दुपार कळते होय?”

“तुला कळते का बघ,” ताई म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारे स्वतः कोरडे पाषाण असतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती रचली त्याला विजेचं थोडं ज्ञान असावं. कोरड्या पाषाणाला कधीही शॉक लागत नाही.

प्रकरण एवढ्यावर राहिलं असतं. पण ताईला एक मुलगा होता. तो दुसऱ्या शहरात विमा कंपनीत नोकरीला होता, आणि कुणाला कधी काय होईल याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम होतं. दर रविवारी तो आईला फोन करी. एका रविवारी आईने त्याला सांगितलं, नळ चावतो, तुझा मामा मानत नाही. पुढच्या रविवारी तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्याने फोन मामाकडे द्यायला लावला.

“मामा, आईचं हे कधीपासून चाललंय?”

“कसलं?”

“हे... नळाचं.”

“झाले थोडे दिवस. मी तपासला रे नळ. काही नाहीये त्यात.”

मास्तरांनी हे सरळ उत्तर दिलं होतं. पण पलीकडे भाचा गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यात काय आहे हे मास्तरांना जरा उशिराच कळलं. नळात काही नाही, म्हणजे मग आईत आहे.

“मामा, तुम्ही तपासलंय म्हणजे प्रश्नच मिटला,” भाचा अखेर म्हणाला. “या वयात सुरुवात अशीच होते. आमच्या ऑफिसात एकाच्या सासऱ्यांना भिंत बोलावायची. मी आईला इकडे घेऊन येतो. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, सोबत आहे. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. बायको बराच वेळ ओट्यावरचा एकच कोपरा पुसत राहिली.

“चौथ्या मजल्यावर मिरच्या कुठे लावणार त्या?” ती म्हणाली.

“कुंडीत.”

“अहो, त्या इथून गेल्या ना, की वर्षभर टिकायच्या नाहीत. सांगून ठेवते.”

“मग मी काय करू? नळ चावतो म्हणून खोटं सांगू?”

ताईला सांगितलं तेव्हा तिने कुठलीही तक्रार केली नाही. घरात खरी काळजी त्या क्षणापासून सुरू झाली. त्या आठवड्यात दूध पातळ होतं, पंखा लंगडत होता, बिजागर तर सबंध भाषण देत होता; ताई एक अक्षर बोलली नाही. तिने ट्रंक काढली, कपड्यांच्या घड्या केल्या, आणि फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, “मी खुळी झालेय असं तुला वाटतं का रे?”

“छे! काहीतरीच काय!”

“मग नळ चावतो.”

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, हे हिशेबाने उघड होतं. कुठली सोडायची हे त्यांना ठरवता येईना.

रविवारी भाचा आला. गाडी धुळीने माखली होती आणि भाचा नीटनेटका होता. पायात ऑफिसचे चकचकीत बूट. मामीच्या पाया पडण्याआधी त्याने तिला विचारलं, “मामी, गाडीवर पाणी मारू का जरा?” आणि मामी हो म्हणायच्या आत पंपाचा खटका दाबला. परसात पंपाची घरघर सुरू झाली.

ताई ट्रंक दारात ठेवून, चपला काढून, शेवटचं पाणी घालायला परसात उतरली. मास्तर दारात उभे होते. बहिणीला थांबवावं की ट्रंक उचलावी, या दोन कामांच्या मध्ये ते अडकले होते आणि म्हणून नुसते बघत होते. नाहीतर इतके दिवस न बघितलेली गोष्ट त्यांच्या नजरेस पडली नसती.

ताई नळापाशी वाकली आणि तिने नळ सोडला. हात नळाला लागला नाही. नळाच्या मुठीवर काहीतरी काळं गुंडाळलं होतं.

“ताई, हे काय आहे?”

“सायकलची ट्यूब. अडगळीत जुनी होती, ती कापून घेतली.”

“कशाला?”

“चावतो म्हणून. किती वेळा सांगू?”

मास्तर पायऱ्या उतरून जवळ आले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्यांनी वाकून पाहिलं. ट्यूबची एकसारख्या रुंदीची पट्टी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही, शेवटचं टोक आत खोचून वरून दोऱ्याने टाके घातलेले. अशी पट्टी गुंडाळायला मास्तर लोकांना घसा फोडून शिकवत, आणि आजवर एकालाही ती जमली नव्हती. त्यांनी ट्यूबवरून बोट फिरवलं. परत पाठवावं असं त्यात काही नव्हतं.

ज्याला भिंत बोलावते तो माणूस भिंतीशी बोलत बसतो. तो अडगळीत जाऊन योग्य जाडीचं रबर शोधत नाही. खुळं माणूस इतकं चोख इन्सुलेशन करत नाही. मास्तरांचा एकूण मनुष्यस्वभावाचा अभ्यास बेताचाच. पण इन्सुलेशन त्यांना कळत होतं.

आणि मग त्यांना एकेक करून भराभर आठवायला लागलं. दूध खरंच पातळ होतं; दूधवाल्याने पुढे कबूलही केलं होतं. बिजागराचा स्क्रू निघालेला होता. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. पाव कच्चा होता. ताईने आयुष्यात हजारांनी शर्ट परत पाठवले असतील. एकही शर्ट उगीच परत गेल्याचं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

“मामा, निघायला हवं,” भाचा दारातून म्हणाला. “ऊन होतंय.”

“थांब जरा.”

मास्तर पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट निघाला. दुसरा निघाला. मोजे निघाले. बायको आतून बाहेर आली आणि तो प्रकार बघून जागीच थबकली. भर दिवसा नवऱ्याचे पाय तिने पाहिल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

“अहो, बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे.”

अनवाणी मास्तर नळापाशी गेले. ताईने नुकतंच पाणी घातलेल्या चिखलात त्यांचे पांढरे पाय रुतले, आणि बोटांच्या मधून गार चिखल वर आला. पंप घरघरत होता. त्यांनी उजवा हात पालथा केला आणि ट्यूबच्या खाली, उघड्या पितळेवर टेकवला.

पुढे जे झालं त्याचं वर्णन भाचा कित्येक महिने करत होता. मामांनी एकच अक्षर उच्चारलं, आणि ते वर्णमालेत नव्हतं. हात आपोआप मागे आला, त्यामागे मामा आले, आणि ते थेट टोमॅटोत बसले.

“मुंग्या?” ताईने विचारलं.

“मुंग्या,” मास्तर म्हणाले.

“कोपरापर्यंत?”

“खांद्यापर्यंत.”

“मग तुझ्या नसा जास्त कमजोर आहेत,” ताई म्हणाली. “आणि ऊठ आधी. टोमॅटोवर बसलायस.”

भाचा धावत पुढे आला आणि आपणही नळाला हात लावून पाहायला निघाला. तीन दिशांनी नाही नाही ऐकू आलं. त्यातलं एक मास्तरांचं होतं आणि ते बसल्या जागेवरून होतं. बायकोने जाऊन आधी पंप बंद केला. एवढ्या गडबडीत नेमकं काय करायचं हे सुचलेली ती एकटीच होती, पण त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही.

मग पिशवी आली. मास्तरांनी बूट चढवले, मेन बंद केला आणि विहिरीच्या तोंडाशी माती उकरली. सळई निघाली. सळईला एक तार बांधलेली होती. ती पंपाच्या बॉडीपाशी जात होती. मास्तरांनी तिथून घराच्या दिशेने जाणारी दुसरी तार शोधली. तशी तार नव्हती. ते पुष्कळ वेळ शोधत राहिले, कारण नसलेली गोष्ट शोधायला असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागतो.

“कुठल्या गाढवाने केलंय हे काम?” भाच्याने विचारलं. मुद्दाम नाही, बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं.

बायको म्हणाली, “आमचं लग्न झालं त्याच वर्षी विहीर झाली. तेव्हा यांनी नुकतंच काम सुरू केलं होतं.”

तेव्हा मास्तरही विजेचं माहेर जमीनच समजत होते. सळई ठोकली की झालं, असंच त्यांना शिकवणाऱ्याने शिकवलं होतं. पुढे त्यांना कळलं. मग त्यांनी सगळ्या वस्तीचे पंप, केसिंग आणि पाइप तारेने बांधून मेन बोर्डाला नेऊन पोचवले. स्वतःच्या घरचं एखाद्या निवांत रविवारी करू म्हणाले. दिव्याखाली अंधार असतो. अर्थिंगवाल्याच्या विहिरीखाली तर विचारूच नका. इतकी वर्षं पंपाचं आतलं आवरण धड होतं म्हणून निभावलं. आता ते म्हातारं होऊन पाझरायला लागलं, आणि बाईसाहेब आडरानात उतरून चाचपडत नळावर येऊन बसायला लागल्या. घरात चप्पल न घालता त्या नळाकडे जाणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

“पण मामा, मग खटका कसा पडला नाही?”

“परत जायला धड रस्ता नाही, म्हणून प्रवाह थोडासाच. तेवढ्याने खटका पडत नाही. माणूस पडतो.” मास्तरांनी हे नेहमीच्या व्याख्यानातलंच वाक्य म्हटलं, पण या वेळी चष्मा कपाळावर चढवला नाही.

काम दुपारभर चाललं. भाच्याने ऑफिसचे बूट काढून चर खणला. मास्तरांनी केसिंगला क्लॅम्प घातला, पाइपाला घातला, पंपाची बॉडी आणि सळई त्यांना जोडली आणि एकच जाड तांब्याची तार सगळ्यांना घेऊन मेन बोर्डापर्यंत नेली. पंपाची लाइनही जुन्या खटक्यावरून काढून गळती पकडणाऱ्या स्विचमागे घेतली. ताई खुर्ची टाकून बसली होती. प्रत्येक जोड तिने वाकून पाहिला, हलवून पाहिला. एका क्लॅम्पपाशी ती म्हणाली, “परत.” मास्तरांनी तो काढून परत आवळला. खरोखरच ढिला होता.

मग मास्तरांनी मेन चालू केला आणि पंपाचा खटका दाबला. पंपाने एक घरघर केली न केली तोच बोर्डातला स्विच खट्कन पडला. बाई माहेरी पोचल्या होत्या.

“चालत नाही वाटतं,” भाचा म्हणाला.

“नाही रे, उत्तम चालतंय,” मास्तर म्हणाले. “आता पंप वर काढून दुरुस्त करेपर्यंत घरात पाणी नाही, एवढंच.”

टाकीत होतं तेवढं संध्याकाळी संपलं. भाच्याने बेकरीवाल्याकडून बादल्या भरून आणल्या. गाडी शेवटपर्यंत धुतली गेली नाही. निघताना त्याने दारातली ट्रंक उचलली. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उचललीच आहे तर आत ठेवू, असा चेहरा करून त्याने ती पुन्हा खोलीत नेऊन ठेवली.

“आई, काही वाटलं तर मला लगेच कळव,” तो म्हणाला.

“कळवते. तुझ्या गाडीचं मागचं डावं चाक हवेला कमी आहे.”

भाचा हसला. नाक्यापर्यंत जाऊन तो परत आला, कारण चाक हवेला कमी होतं.

पंप आठवड्याभराने विहिरीतून वर काढला, दुरुस्त झाला आणि पुन्हा खाली गेला. नळ चावायचा थांबला. ताईने त्यावरची ट्यूब मात्र काढली नाही. काम चांगलं झालंय, उसवायचं कशाला, असं तिचं मत पडलं. मास्तर अजून घरोघरी व्याख्यान देतात. त्यात एक नवी सूचना आली आहे: तपासताना पंप चालू ठेवा आणि घरातल्या सगळ्यात जास्त तक्रारी करणाऱ्या माणसाला आधी विचारा. धक्क्याबद्दल कुणी विचारलं तर ते निरंक म्हणत नाहीत, विषय बदलतात.

कामासाठी त्यांनी नवे रबरी बूट घेतले. जुने ताईने मागून घेतले आणि त्यांत माती भरून मिरच्यांची रोपं लावली. पाणी साचू नये म्हणून डाव्या बुटाच्या तळाला भोक पाडावं लागलं. उजव्याला आधीच होतं.